पाळी आली नाही, आता पुढचं पाकीट सुरू करू का?

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल आलेली पत्रं एकत्र ठेवली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. बहुतेकींनी गोळ्या मोजलेल्या नाहीत, पाळी मोजली आहे. पाळी आली की जीव भांड्यात पडतो, नाही आली की झोप उडते. गोळ्या चालू असताना हा हिशेब लागू पडत नाही. का, ते पहिल्या उत्तरात सविस्तर दिलं आहे. पुढची उत्तरं त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : दीड वर्षापासून आशाताईंकडून माला-एन घेते. पांढऱ्या गोळ्या संपून तपकिरी सुरू झाल्या की तिसऱ्या दिवशी पाळी येते. या वेळी सातही तपकिरी गोळ्या संपल्या, पण पाळी आली नाही. एकही गोळी चुकलेली नाही. दिवस राहिले असतील का? पाळी येईपर्यंत नवं पाकीट थांबवलं आहे. आज तिसरा दिवस. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी पाकिटाचं, कारण घाई त्याची आहे. हे पत्र छापून तुमच्या हाती पडेपर्यंत वेळ गेलेला असेल, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इथे इतरांसाठी सांगतो. नवं पाकीट पाळीची वाट बघत ठेवायचं नाही. शेवटची तपकिरी गोळी आज घेतली, तर पहिली पांढरी उद्या. पाळी आली असो, चालू असो किंवा आलीच नसो.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिओल ही दोन हार्मोन्स असतात. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्यांत हार्मोन नसतं, ६० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट म्हणजे लोह असतं. (दुकानात मिळणाऱ्या माला-डीतही हेच.) पांढरी गोळी रोज पोटात गेली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बीजाशयाला 'बीज पिकव, सोड' असा निरोप पाठवत नाही. बीज सुटत नाही, गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव चिकट होऊन शुक्रजंतूंना अडवतो आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं.

नेहमीच्या पाळीत बीज सुटतं, अस्तर जाड होतं, गर्भ रुजला नाही की साधारण चौदा दिवसांनी ते अस्तर गळून पडतं. गोळीवर असताना यातलं काहीच घडलेलं नसतं. पांढऱ्या गोळ्या संपल्या, रक्तातलं हार्मोन उतरलं, म्हणून जे काही थोडं अस्तर होतं ते सुटून आलं. ही पाळी नव्हे, गोळी थांबल्याची पोच आहे. अस्तर आधीच पातळ, त्यामुळे रक्त कमी जातं, कधी नुसते डाग पडतात, आणि दीड-दोन वर्षं गोळी घेणाऱ्या बाईला एखाद्या महिन्यात काहीच दिसत नाही. एकही गोळी चुकली नसेल, उलट्या-जुलाब झाले नसतील, मध्ये वेगळं औषध चालू नसेल, तर एका महिन्यात रक्त न दिसणं हे दिवस राहिल्याचं लक्षण धरायचं नाही.

खरी जोखीम तुम्ही वाट बघितलेल्या त्या दिवसांत आहे. बीजाशय सात दिवस हार्मोनशिवाय राहिलं तरी झोपेतून पुरतं जागं होत नाही. पाकिटात सातच तपकिरी गोळ्या असतात त्या याच हिशेबाने. तुमची सुट्टी सातावरून नवावर गेली. एवढ्यात काही जणींच्या बीजाशयात बीज पिकायला लागतं. म्हणून पाकीट ताबडतोब सुरू करायचं, पुढचे ७ दिवस निरोध वापरायचा, आणि या लांबलेल्या सुट्टीत किंवा तिच्या आधीच्या चार-पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल (संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती) त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारायचं. त्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. गोळीतल्या हार्मोनमुळे या तपासणीचा निकाल बदलत नाही.

गोळ्या बिनचूक घेऊनही लागोपाठ दुसऱ्या पाकिटानंतर रक्त दिसलं नाही तर तपासणी करून घ्यावी. ती नकारात्मक आली की विषय संपला. सकारात्मक आली तर गोळी बंद करून डॉक्टरांना भेटा. तोवर पोटात गेलेल्या गोळ्यांनी गर्भात व्यंग होतं असं आढळलेलं नाही.

प्रश्न : नणंदेच्या लग्नाला गेले आणि पाकीट घरी राहिलं. १७वी आणि १८वी अशा दोन गोळ्या चुकल्या. परत आले त्या दिवशी डाग दिसायला लागले. पाळीच आली म्हणून पाकीट सोडून दिलं. पाळी झाल्यावर नवं सुरू करू का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : ते डाग गोळ्या चुकल्यामुळे हार्मोन उतरलं म्हणून दिसले. त्यांच्यामुळे पाकीट सोडायला नको होतं. तुमच्या बाबतीत करायला हवं होतं ते असं: घरी आल्या आल्या चुकलेल्यातली शेवटची, म्हणजे १८वी गोळी घ्यायची. १७वी तशीच सोडून द्यायची, ती मागाहून घेऊन काही साधत नाही. त्या दिवसाची १९वी तिच्या ठरल्या वेळेला. एका दिवसात दोन गोळ्या पोटात गेल्या तर मळमळेल, बाकी अपाय नाही. त्यानंतर २१व्या गोळीपर्यंत रोज एक, आणि २१वी संपली की तपकिरी गोळ्या बाजूला ठेवून दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटाची पहिली पांढरी. पुढचे सलग ७ दिवस निरोध. या महिन्यात पाळी दिसणार नाही, ती पुढच्या पाकिटानंतर दिसेल.

तपकिरी का गाळायच्या? दोन दिवसांची एक सुट्टी तुम्ही आधीच घेतली आहे. तीनच दिवस पांढऱ्या गोळ्या घेऊन लगेच सात दिवसांची दुसरी सुट्टी दिली, तर बीजाशयाला पुन्हा शांत करायला लागणाऱ्या सात गोळ्या पोटात जातच नाहीत. हा सातचा आकडा लक्षात राहिला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हीच चूक पहिल्या आठवड्यात, म्हणजे १ ते ७ या गोळ्यांत झाली तर ती जास्त महाग पडते, कारण सात दिवसांची सुट्टी नुकतीच संपलेली असते आणि तिच्यात आणखी दोन दिवसांची भर पडते. तेव्हा शेवटची चुकलेली गोळी लगेच घ्यायची, ७ दिवस निरोध, आणि गेल्या काही दिवसांत संबंध आला असेल तर तातडीची गोळी. दुसऱ्या आठवड्यात दोन चुकल्या तर गोळी लगेच घ्या, सात दिवस निरोध वापरा, पाकीट नेहमीसारखं पूर्ण करा.

एकच गोळी चुकली तर आठवलं की घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं, निरोधाचीही गरज नाही. रात्री नऊची गोळी सकाळी सहाला घेतली तर ती चुकली नाही, उशिरा घेतली. मात्र गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्या. त्यासाठी एक जास्तीचं पाकीट घरात असू द्यावं.

पाकिटाच्या मागच्या बाजूला गोळ्यांचा क्रम दाखवणारे बाण असतात. पाकीट हातात आलं की त्या बाणांच्या कडेने बॉलपेनने वार लिहून टाका. गोळी घेतली की नाही हे नवऱ्याला किंवा मोबाइलला विचारावं लागत नाही, पाकीटच सांगतं.

प्रश्न : तपकिरी गोळ्यांनी शौचाला काळं होतं. टाकून दिल्या तर चालेल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : संरक्षणाच्या दृष्टीने चालेल. काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आपल्याकडे अंगात रक्त कमी असलेल्या बायका इतक्या आहेत की फुकट मिळणारं लोह टाकून देऊ नये असं आमचं मत. शिवाय रोज एक गोळी घेण्याची सवय मोडली की नवं पाकीट आठव्या दिवशी सुरू करायचं हे विसरायला होतं. काही कंपन्यांच्या पाकिटात २१च गोळ्या असतात; ती घेणाऱ्या बायकांना सात दिवस स्वतःच मोजावे लागतात, आणि सर्वांत जास्त गफलत तिथेच होते.

प्रश्न : गोळ्या सुरू करून दीड महिना झाला. पाकिटाच्या मध्येच, दहा-बारा गोळ्या झाल्यावर, डाग पडतात. मैत्रीण म्हणते, तुला ही गोळी लागू पडत नाही, अंगात उष्णता झाली, बंद कर. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : बंद करू नका. पहिले तीन महिने असे डाग पडणं नेहमीचं आहे. अस्तराला नव्या हार्मोनशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. याचा उष्णतेशी संबंध नाही आणि गोळी कमी पडते आहे असाही अर्थ नाही. गोळ्या वेळेवर चालू असतील तर डाग असतानाही संरक्षण पूर्ण असतं. मधेच गोळी थांबवली, तर मात्र डागाचं रक्तस्रावात रूपांतर होतं आणि संरक्षणही जातं. गोळीची वेळ एकच ठेवा, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर. मळमळही कमी होते.

तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, किंवा आधी सगळं सुरळीत असताना अचानक सुरू झाले, तर तपासून घ्या. चुकलेल्या गोळ्या, दुसरं एखादं औषध, गर्भाशयाच्या मुखाची सूज किंवा गर्भधारणा यांपैकी काहीही असू शकतं. संबंधानंतर दर वेळी रक्त जात असेल, तर तीन महिने थांबायचं कारण नाही.

प्रश्न : घरात गौरी बसतात. पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून गोळ्या आणते, दिवसाला तीन. त्या चालू असताना संबंध आला तर दिवस राहत नाहीत ना? सासूबाई दर सणाला आठवण करतात. (एक वाचक, महाड)

उत्तर : राहू शकतात. त्या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या, सहसा ५ मिलिग्रॅमच्या. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायच्या आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, हा त्यांचा उपयोग. अस्तर गळू न देता धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. तुम्ही त्या सुरू करता तोवर त्या महिन्यातलं बीज दहा-बारा दिवसांपूर्वीच सुटून गेलेलं असतं. दिवस राहायचे असतील तर ते तेव्हाच राहून गेलेले असतात, आणि ही गोळी वर पांघरूण घालते: पाळी आली नाही ती गोळीमुळे, असं वाटून दोन-तीन आठवडे कोणाच्या लक्षात येत नाही. गोळी थांबवून दहा दिवसांत पाळी आली नाही तर लघवी तपासा.

उशिरा सुरू केली तर ती नीट धरत नाही, ऐन पूजेच्या दिवशी डाग दिसतात, आणि मग बायका गोळ्या वाढवतात. तसं करू नये. पायातल्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन डोकं दुखत असेल, तर ही गोळी काउंटरवरून आणून घेण्यासारखी नाही. या मात्रेत तिच्या काही भागाचं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं.

पाळीत देवाला शिवावं की नाही, हा या सदराचा विषय नाही. पण दर सणाला गोळी घ्यायची की नाही, हे जिच्या पोटात ती जाणार आहे तिने ठरवावं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

आता उपयोगाची गोष्ट. तुम्ही माला-एनसारखी गोळी नेहमीच घेत असाल, तर वेगळी गोळी आणायची गरजच नाही. २१वी पांढरी झाली की तपकिरी न घेता सरळ दुसऱ्या पाकिटाच्या पांढऱ्या सुरू करायच्या. पाळी पुढे जाते, संरक्षण तसंच राहतं. पुढच्या महिन्यात थोडे डाग पडतील. त्यासाठी एक पाकीट आधीच जास्तीचं मागून ठेवावं लागतं.

प्रश्न : छाया गोळी चार महिने घेते आहे. पाळी वीस दिवस पुढे गेली आहे. गोळी आठवड्यातून दोनदा घ्यायची की एकदा, यात माझा गोंधळ झाला आहे. (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : छायाचं सगळंच वेगळं आहे, म्हणून वर सांगितलेले नियम तिला लावू नका. तिच्यात हार्मोन नसतं, सेंटक्रोमन नावाचं ३० मिलिग्रॅम औषध असतं. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ते शोधलं आणि १९९१ मध्ये ते 'सहेली' या नावाने बाजारात आलं. ते बीज सुटणं थांबवत नाही, अस्तर गर्भाला रुजण्याजोगं होऊ देत नाही. त्यामुळे इथे येणारी पाळी खरी असते, पण काही जणींची ती लांबते आणि रक्त कमी जातं, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो वार रविवार असेल तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी; सोमवार असेल तर सोमवारी आणि गुरुवारी, याप्रमाणे दोन ठरलेले वार. तीन महिने झाले की फक्त पहिला वार, आठवड्यातून एकदा. पाळी कधीही येवो, वार बदलायचा नाही. तुमचे चार महिने झाले आहेत, म्हणजे आता एकदाच.

गोळी एक-दोन दिवस राहून गेली, पण सात दिवसांच्या आत आठवली, तर लगेच घ्या, पुढची ठरल्या वारी घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने आठवड्यातून दोनदा.

पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली की तपासणी करायची, असा नियम आहे. तुमचे वीस झाले आहेत. आज-उद्याच करा. बीजाशयात गाठींचा त्रास म्हणजे पीसीओडी, अलीकडे झालेली कावीळ, मूत्रपिंडाचा आजार किंवा टीबी असेल तर छाया देत नाहीत. हे आशाताईंना आपणहून सांगायचं असतं.

प्रश्न : लग्न ठरलं आहे. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा ७२ तासांवाली गोळी घेतली. आता पाळीचा काही मेळ राहिला नाही. पुढे मूल व्हायला अडचण येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मूल व्हायला अडचण येत नाही. पाळीचा मेळ जाणं मात्र अपेक्षितच होतं. त्या एका गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, म्हणजे माला-एनच्या दहा पांढऱ्या गोळ्यांएवढं, तेही एकदम. ती बीज सुटणं लांबवते. पाळी बीज सुटण्यावर अवलंबून, म्हणून तीही काही दिवस पुढे-मागे होते. मध्ये डागही पडतात. ठरल्या तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला तर तपासणी करा.

दोन गोष्टी बहुतेक जणींना माहीत नसतात. पहिली, बीज आधीच सुटलं असेल तर ही गोळी काही करू शकत नाही. म्हणून ७२ तास ही मुदत सोय म्हणून वापरू नये. बाराव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा भरवशाची. दुसरी, लांबवलेलं बीज पुढे त्याच महिन्यात सुटतं. म्हणजे गोळी घेतल्यानंतरच्या आठवड्यात आलेला संबंध पहिल्यापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो. 'या महिन्याची गोळी घेऊन झाली' असं काही नसतं.

ही गर्भपाताची गोळी नाही. रुजलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, दुकानातून 'ती गोळी द्या' म्हणून आणायची नाहीत. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही दबक्या आवाजात बोलत असले की हातात भलतंच पाकीट पडतं.

दोन महिन्यांत तीनदा गरज पडते आहे, तर रोजची गोळी स्वस्त आणि कितीतरी खात्रीची. तातडीची गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनही ती सुरू करता येते, पहिले सात दिवस निरोधासह.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं, शिवाय घुटी आणि वरचं पाणी देते. पाळी आलेली नाही. पाळी सुरू होईपर्यंत काही करायची गरज नाही असं घरात सगळ्या सांगतात. माला-एन सुरू करू का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : घरातल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ दिवसा-रात्री फक्त अंगावरचंच पितं, या तिन्ही अटी जुळल्या तर दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. तुम्ही घुटी आणि पाणी देता, म्हणजे तिसरी अट मोडली. आणि बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. पाळीची वाट बघणाऱ्या बाईला त्या बीजाचा पत्ता लागत नाही. कित्येकींना मधली पाळी न येताच दिवस जातात ते यामुळे.

माला-एन आत्ता नको. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं, म्हणून अंगावर पाजत असताना सहा महिने ती देत नाहीत. छाया चालेल, तांबी बसवता येईल, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शनही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देतात. बाजारात फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या गोळ्याही मिळतात. त्यांच्या पाकिटातल्या सगळ्या गोळ्या औषधाच्या असतात, मध्ये सुट्टी नसते, पाळीची वाट बघायचा प्रश्नच येत नाही.

आणि घुटी बंद करा. सहा महिने बाळाला पाण्याचीही गरज नसते.

प्रश्न : टीबीची औषधं सुरू झाली आहेत. माला-एन चालू ठेवू का? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : तिच्यावर विसंबू नका. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गोळीतलं हार्मोन झपाट्याने निकामी होतं. रिफॅम्पिसिन संपल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. छायाही टीबीत नको. तांबी किंवा अंतरा इंजेक्शन यांच्यावर रिफॅम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटॉल या औषधांचंही असंच आहे. सर्दी-खोकल्याला, दाताला मिळणारी नेहमीची अँटिबायोटिक्स मात्र गोळीच्या आड येत नाहीत. त्यांनी जुलाब-उलट्या झाल्या तर त्याचा हिशेब धरायचा.

प्रश्न : पाच वर्षं गोळ्या घेते. पाळीला अगदी थोडं जातं. बाकीचं रक्त आत साठत असेल का? आणि मूल हवं असेल तर किती महिने आधी गोळ्या बंद कराव्यात? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आत काही साठत नाही. जे अस्तर तयारच झालं नाही ते साठणार कुठून? मध्ये 'शरीराला विश्रांती' म्हणून गोळ्या थांबवायचीही गरज नसते. अशा विश्रांतीतच बऱ्याच जणींना दिवस राहतात.

मूल हवं असेल तेव्हा चालू पाकीट पूर्ण करा आणि पुढचं सुरू करू नका. शेवटच्या पाकिटानंतर येणारी पाळी गोळीची. पहिली खरी पाळी त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी. बीज त्याच्याही आधी सुटू शकतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात दिवस गेले तर नवल नाही आणि त्यात धोकाही नाही. तीन महिन्यांत पाळी आली नाही तर दाखवा. गोळीच्या आधी पाळी अनियमित होती त्यांची ती बंद केल्यावर पुन्हा तशीच होते. त्याचा दोष गोळीकडे जातो, पण पाच वर्षं ती फक्त झाकली गेली होती.

प्रश्न : वय ३७, बीपी १५०/९५ राहतं, मशेरी लावते. गोळी घेऊ का? (एक वाचक, जत)

उत्तर : नको. १४०/९० च्या वर बीपी असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत, १६०/१०० ला तर अजिबात नाही. वयाची पस्तिशी उलटलेल्या आणि सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायकांनाही नाही. मशेरीचं डॉक्टरांना वेगळं सांगा. तंबाखू आणि बीपी एकत्र हे गोळी नसतानाही वाईटच. तुमच्यासाठी तांबी चांगली. ज्या बायका गोळी घेत आहेत त्यांनी एका पोटरीत अचानक दुखून सूज येणं, छातीत कळ किंवा धाप, कधी नव्हे असं जोराचं डोकं दुखणं, अंधुक दिसणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि गोळी घेत असल्याचं तिथे न विचारता सांगावं.

प्रश्न : नवरा ट्रकवर असतो. महिन्यातून चार-पाच दिवस घरी येतो. तेवढेच दिवस गोळ्या घेतल्या तर चालेल ना? उगीच महिनाभर कशाला घ्यायच्या? (एक वाचक, श्रीगोंदा)

उत्तर : चालणार नाही, आणि असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. गोळी निरोधासारखी त्या रात्रीपुरती नसते. बीजाशय शांत व्हायला सलग सात पांढऱ्या गोळ्या लागतात. नवरा पाच दिवसांत परत गेलेला असतो. वर पाच गोळ्या घेऊन थांबल्यावर डाग पडतात, तुम्हाला वाटतं पाळी आली, सुटलो. ती पाळी नसते. बीज मात्र पुढे आपल्या वेळेने सुटू शकतं.

रोजची गोळी रोजच घ्यायची, वर्षभर. अशी बिनचूक घेणाऱ्या शंभर बायकांत वर्षाला एकीलाही जेमतेम दिवस राहतात. चुकत-माकत घेणाऱ्यांत सुमारे सात जणींना. ते जमणार नसेल तर नवरा आला की निरोध, किंवा एकदा तांबी बसवून मोकळं व्हा. गोळीच ठेवायची असेल, तर पुढच्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत कधीही पहिली पांढरी घ्या, त्याच दिवसापासून संरक्षण मिळतं. पाळी संपल्यावर सुरू केली तर पहिले सात दिवस निरोध वापरावा लागेल, आणि नवऱ्याची फेरी नेमकी त्याच आठवड्यात असेल तर तो आधीच आणून ठेवा.